दोम्येचं जुनं चित्र हाती लागलं? फ्रेमवाल्याकडे पळायच्या आधी हे करा

जुन्या सामानात ओनोरे दोम्येचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच व्यंगचित्रकाराचं, एखादं चित्र मिळालं की लोकं थेट ठाण्याच्या नौपाड्यातला फ्रेमवाला गाठतात. थांबा जरा. आधी चित्र उलटं करा. मागे फ्रेंच छापील मजकूर दिसला तर रद्दी समजू नका, उलट खूश व्हा, कारण ही चित्रं पॅरिसच्या 'ल शारिव्हारी' पेपरात यायची आणि पानाची दुसरी बाजू मजकुरानेच भरलेली असायची. पाठ कोरी असली तरी लगेच नकली म्हणू नका, चांगल्या कागदावर कोऱ्या पाठीच्या प्रतीपण तेव्हा काढायचे.

मग 10 पटीचं भिंग घ्या आणि काळा भाग बघा. दगडावर तेलकट खडूने काढून त्या दगडावरून छापलेलं चित्र असतं, त्यामुळे कण वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ दिसतात. एकसारखे ठिपके रांगेत उभे असतील तर ते नंतरचं फोटोवरून छापलेलं, विषय संपला. दोम्येची एच.डी. ही अक्षरं दगडावरच असायची, पेन्सिलची सही दाखवून कोणी भाव वाढवत असेल तर मला तरी शंकाच येईल.

आता चित्र नीट बघा, घाई नको. फ्रान्समधल्या 1835 च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रं बंद पडली आणि दोम्ये मध्यमवर्गाच्या घरात शिरला. 1844 च्या, लिहित्या बायकांवरच्या 40 चित्रांच्या मालिकेत एक आई लिहिण्यात गर्क आहे आणि मागे पोरगं टबात डोक्यावर पडलंय! हसू येतं, पण बाप कुठे होता हे काही तो विचारत नाही, तिथे माझं त्याच्याशी पटत नाही. आणि चित्राखालच्या ओळी बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेल्या असायच्या, त्यामुळे आधी ओळ झाकून चित्र बघा मग वाचा, मजा येते.

फ्रेमवाल्याला एकच गोष्ट दोनदा सांगा: "दादा, हार्डबोर्डला चिकटवू नका." फेविकॉल लावला की मागचा मजकूर गेलाच. ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा, ॲसिड नसलेला पुठ्ठा) मागा आणि काच कागदाला टेकू देऊ नका, खाडीजवळच्या ठाण्यात पावसाळ्यात काचेच्या आत दमट धरतं आणि तांबूस डाग पडतात. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि बाहेरून ओल येणारी भिंत दोन्ही नकोत, खिडकीसमोरचं ऊन तर अजिबात नको. जूनच्या आधी एकदा फ्रेमची पाठ तपासा, कसर लागली असेल तर तिथेच दिसेल.