प्रतिजैविक घडवणाऱ्या प्रथिनांचे स्फटिक : या चुका टाळा

प्रथिनाची रचना शोधताना ट्रेमध्ये धारदार कडांचा स्फटिक दिसला, तो एक्स-रेमध्ये चमकला, की आता फक्त संगणकाचं काम उरलं असं वाटतं. इथेच घाई नडते.

स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस या जिवाणूतलं डीएओसीएस हे एन्झाइम घ्या. पेनिसिलिन एन मधलं पाच अणूंचं कडं सहा अणूंचं करून ते सेफॅलोस्पोरिनचा सांगाडा उभा करतं. त्याची रचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती मिळाली चक्क जुळ्या स्फटिकांतून. जुळ्या स्फटिकाचे दोन भाग वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतात, पण एक्स-रे चित्रातले त्यांचे ठिपके तंतोतंत एकमेकांवर पडतात. चित्र स्वच्छ दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. दोन्ही भाग समसमान असले तर आर-३ या सममितीचा डेटा आर-३२ या जास्त सममितीचा असल्यासारखा भासतो आणि चुकीच्या सममितीत महिने जातात.

म्हणून रचना सोडवायला बसण्यापूर्वी एल-टेस्ट, म्हणजे ठिपक्यांच्या तीव्रतांची सांख्यिकी तपासणी, करा. तिची सरासरी ०.५ च्या जवळ असेल तर ठीक, ०.३७५ कडे झुकली तर स्फटिक जुळा आहे. आर-फॅक्टरवरही, म्हणजे मॉडेल आणि डेटा यांच्यातल्या तफावतीच्या आकड्यावरही, भाळू नका. एकेरी स्फटिकात अणू कसेही विखुरले तर आर ५९ टक्क्यांच्या आसपास येतो, पूर्ण जुळ्यात तो ४० वरच थांबतो. त्यामुळे ३५ आकडा दिसला म्हणून आनंद मानण्यासारखं काही नाही. आर-फ्रीसाठी, म्हणजे मॉडेल घडवताना न वापरलेल्या ठिपक्यांवरच्या तपासणीसाठी, ठिपके बाजूला काढताना जुळेपणामुळे एकमेकांवर पडणारी ठिपक्यांची जोडी एकाच गटात राहू द्या, नाहीतर ती तपासणीच फुकट जाते.

दुसरी चूक धातूची. डीएओसीएसमध्ये अमिनो आम्लांपैकी दोन हिस्टिडिन आणि एक अ‍ॅस्पार्टेट मिळून लोह धरतात. शुद्ध करण्यासाठी निकेलच्या कॉलममधून प्रथिन काढलं की तिथे निकेल जाऊन बसू शकतं. लोहाचे २६ आणि निकेलचे २८ इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन घनतेच्या (डेन्सिटीच्या) नकाशात हा फरक ओळखू येत नाही. बीमलाइनवर, म्हणजे एक्स-रे मोजणी होते तिथेच, धातू ओळखण्यासाठी त्याच स्फटिकाचं फ्लुओरोसन्स स्कॅन घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय फेरस लोह हवेत ऑक्सिडाइज होतं, म्हणून लोहासह स्फटिक वाढवायचे तर ऑक्सिजनविरहित पेटीतच.

टॅग, म्हणजे शुद्धीकरणासाठी प्रथिनाच्या टोकाला जोडलेला जादा तुकडा, कुठे लावता हेही बघा. या एन्झाइमच्या स्फटिकात तीन रेणूंचं कडं बनतं आणि प्रत्येकाची सी-टोकाची शेपटी शेजाऱ्याच्या सक्रिय जागेत शिरते. तिथे आधीच शेपटी असेल तर सब्सट्रेटमध्ये (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या रेणूत) स्फटिक कितीही भिजवा, सब्सट्रेट बसणार कुठे? अशा वेळी दोष सोकिंगचा (भिजवण्याचा) धरून त्याच्याच वेळा बदलत राहू नका. शेपटी छाटलेलं रूप बनवा किंवा रेणूंची मांडणी वेगळी असलेला स्फटिक शोधा.

जनुकाबद्दल थोडक्यात : स्ट्रेप्टोमायसिसच्या डीएनएत जीसीचं (ग्वानिन आणि सायटोसिन या घटकांचं) प्रमाण ७० टक्क्यांवर असतं. जनुकाच्या प्रती काढणारा पीसीआर अडला तर डीएमएसओ हे द्रावक घाला, आणि ई. कोलायमध्ये प्रथिन बनत नसेल तर त्याला मानवतील असे कोडॉन (अमिनो आम्लांचे संकेत) घालून जनुक मागवा.

सर्वांत मोहात पाडणारी चूक लिगंडची, म्हणजे प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूची. सक्रिय जागेत डेन्सिटीचा ढग दिसतो आणि आपण तिथे हवा तो रेणू बसवतो. पण तो ढग स्फटिक वाढवण्याच्या द्रावणातला साइट्रेट असू शकतो, पीईजी या पॉलिमरचा तुकडाही असू शकतो. लिगंड एकदाही मॉडेलमध्ये घातलेला नसताना काढलेला नकाशा जपून ठेवा आणि शोधनिबंधात तोच दाखवा.