पावसाळ्यात दोन खोल्यांत कपडे वाळवताना

जुलैत बेळगावात, आणि खानापूरकडे तर विचारूच नका, दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. दोन खोल्यांच्या घरात ओल्या कपड्यांना कुबट वास सुटतो. आमच्याकडे हे जमलं:

१. सगळं रविवारी धुवायला काढू नका. रोज रात्री एकच बादली. चादरी उघडीप मिळेल त्या दिवशीच.

२. पिळलेला कपडा कोरड्या पंचावर पसरा, दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करा आणि वर गुडघा टेकवून दाबा. पंचा चिंब होतो. तेवढं पाणी दोरीवरून फरशीवर टपकायचं वाचतं. जीन्स आणि मुलांच्या गणवेशाच्या जाड चड्ड्यांना याचा खरा फायदा. पातळ शर्टांसाठी एवढी कुस्ती नको.

३. दोरी पंख्याच्या वाऱ्यात, पण पात्यांपासून लांब. दोन कपड्यांत चार बोटं अंतर. जीन्स उलटी करून कमरेकडून टांगा, खिसेही वाळतात. खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर तीच दमट हवा खोलीत फिरत राहते.

गॅसच्या शेगडीवर मात्र दोरी बांधू नका. एखादा मोजा निसटून जाळावर पडायला वेळ लागत नाही.