‘अप’चा अर्थ मला ‘टाकणे’ने शिकवला

सभा पुढे ढकलल्याचे इंग्रजीत कळवताना मी ‘पुट ऑफ’ऐवजी ‘कॉल ऑफ’ लिहिले, आणि ती रद्दच झाली असे समजून नव्या तारखेला कोणीही फिरकले नाही. क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’सारखा शब्द जोडून होणाऱ्या अशा रूपांच्या (इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’) ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ अशा क्रियापदांनुसार केलेल्या याद्या मी तोवर घोकत होतो. पण एकाच पानावरची सारखी दिसणारी रूपे डोक्यात एकमेकांत मिसळत.

वाट सापडली ती मराठीतच. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काही फेकत नसतो. ‘टाकणे’ तिथे क्रिया पुरी करण्याचा अर्थ आणते. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्राय अप’ यांतला ‘अप’ जवळपास हेच काम करतो, वर जाण्याशी त्याचा संबंध उरत नाही. मग मी याद्या मोडून शेवटच्या शब्दानुसार नव्याने लावल्या. काही हट्टी रूपे कुठेच बसेनात. ती मुकाट्याने पाठ केली.

सर्वनामाची जागा ही वेगळीच अडचण होती: ‘टर्न इट डाउन’ बरोबर आणि ‘टर्न डाउन इट’ चूक, परंतु ‘लुक आफ्टर इट’मध्ये मात्र सर्वनाम शेवटीच येते. म्हणून सकर्मक रूप वहीत उतरवताना मी ते आता ‘इट’ घालूनच लिहितो.