गाठीचं लाकूड आणि इपॉक्सी: लेथवर वाडगा

गाठीच्या लाकडातल्या फटींत इपॉक्सी, म्हणजे हार्डनर (कडक करणारा घटक) मिसळून घट्ट होणारं द्रव रेझिन, ओतायचं आणि मग तो ठोकळा लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवत कापायच्या यंत्रावर, कोरायचा. वाडगा बिघडतो तो बहुतेक वेळा ओतकामात, लेथवर नंतर. गाठ ओली असेल तर रेझिन धरत नाही. मीटरवर ओलावा १० टक्क्यांच्या आसपास येऊ द्या. सुटी साल आणि भुसभुशीत भाग तारेच्या ब्रशने काढा. मग रेझिनचा एक पातळ हात द्या, नाहीतर लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येत राहते.

जाड थराला डीप-पोअर रेझिनच हवं. टेबलटॉपचं, म्हणजे पातळ थरासाठीचं, रेझिन एकदम ५ सेंमी ओतलं तर तापून पिवळं पडतं, तडकतं. हार्डनरचं प्रमाण डब्यावर वजनाने दिलंय की मापाने, ते आधी पाहा. जास्त हार्डनर घातलं म्हणून लवकर सुकत नाही, माल चिकट राहतो.

पूर्ण कडक झाल्यावर फेसप्लेटचे (ठोकळा लेथला जोडणाऱ्या चकतीचे) स्क्रू घट्ट लाकडात बसवा, भेगाळलेल्या भागात नको. २५ सेंमीचा तुकडा ५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास सुरू करा. गोल झाला की वेग वाढवा. लांब, सलग रिबन निघाली म्हणजे गाउजला (कोरायच्या पन्हाळी पटाशीला) धार आहे. पांढरी भुकटी किंवा टवके उडाले की धार लावा, काप हलका घ्या. रिबन चकला (लेथच्या तुकडा धरणाऱ्या भागाला) गुंडाळली तर लेथ बंद करूनच काढा.

भिंत ८ मिमीच्या खाली नेऊ नका. पॉलिश पेपर १२० पासून ६०० पर्यंत, कमी वेगात. तापलं की रेझिन मऊ पडून पेपर भरतो. फेसशील्ड आणि धुळीचा मास्क दोन्ही लागतात, रुमाल पुरत नाही.