आधी तारीख, मग सूर, गाणी शेवटी : गावच्या वाद्यवृंदाचं वर्ष कसं आखावं

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं. नदीपलीकडे रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर, थोडं पुढे तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी, त्यामुळे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना इथे तोटा नाही. तोटा आहे तो वेळेचा. पेटी, तबला, व्हायोलिन, बासरी, खंजिरी, दोन गाणारे आणि टाळाला जो सापडेल तो, एवढाच आमचा वाद्यवृंद. पेटी माझी, म्हणून हिशेबाची वहीही माझ्याच गळ्यात. तुमच्या गावात असे पाच-सातजण असतील आणि वर्षभराचे कार्यक्रम बांधायचे असतील तर मृगाच्या आधी बैठक घ्या. पेरणी लागली की मग कोणी कोणाचं नसतं.

बहुतेक मंडळी बसल्या बसल्या गाण्यांचा विषय काढतात. हे घ्या, ते घ्या, याला का सोडलं, आणि चहा संपला तरी तारीख एकही ठरत नाही. गाण्यांना हातच लावू नका. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि कोणते दिवस जाणार ते आधी खोडा.

सप्टेंबरअखेरीपासून सोयाबीनची सोंगणी. त्या दिवसांत तबलजी शब्द देईल, पण संध्याकाळी फोन येईल, "भाऊ, थ्रेशर येऊन रायलं ना वावरात." त्याचा राग धरण्यात अर्थ नाही, थ्रेशर काय आपल्या सोयीने येत नाही. कोजागिरीचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यानंतर लगेच आश्विन वद्य पंचमीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. खंजिरी वाजवणारा माणूस त्या आठवड्यात मोझरीलाच असतो. दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते, ती तो कोणत्याही बिदागीसाठी सोडणार नाही, आणि तसं त्याला म्हणूही नये. उन्हाळ्यात लग्नसराई, तेव्हा मंडपवाला आणि माईकवाला आपले नसतातच. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे आमची बासरी बंद, कारण ती वाजवणारा पोरगा बारावीला आहे.

एवढं खोडून उरतं ते आपलं. आमच्या वहीत चार कार्यक्रम उरले. कार्तिकात काकड्याची एक पहाट. 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. तेव्हा कापसाची वेचणी चालू असते, पण ती दिवसाची, रात्र मोकळी. माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकट दिन. हा बासरीशिवाय, व्हायोलिनवर. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याला, पोरांसाठी अर्धा तास. वहीत तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही लिहा. अधिक महिना आला की पोळा सप्टेंबरात जातो, मागच्या वर्षीची तारीख उतरवून चालत नाही. चारच कार्यक्रम म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांना टाळ वाजवायला बोलवा.

आता सूर. इथे मात्र घाई करू नका.

आमचा गाणारा पुरुष काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी हा त्याचा सा. गाणारी वहिनी काळी चारमध्ये. दोघांसाठी तबला खालीवर करायचा तर प्रत्येक गाण्याआधी हातोडीची ठकठक, आणि तोवर मागचे लोक पानठेल्यावर. तबलजी वैतागून म्हणायचा, "चढवू का उतरवू, एकदाचं सांगा नं भाऊ." तोड पेटीवरच आहे, पट्ट्या मोजून पाहा. काळी चारला सा धरला की शुद्ध मध्यम, म्हणजे म, नेमका काळी एकवर येतो. म्हणजे तबला काळी एकला लावून ठेवायचा: पुरुष गातो तेव्हा तो षड्जात, म्हणजे सा मध्ये, बोलतो, वहिनी गाते तेव्हा मध्यमात. हातोडी फक्त सूर हलला तर.

पण मग वहिनीला काय गायला द्यायचं याला बंधन येतं. भूपात मध्यमच नाही, यमनात आहे तो तीव्र. या दोन रागांतली चीज तिने गायली आणि तबला शुद्ध मध्यमात घुमत राहिला, तर ऐकणाऱ्याला कारण कळणार नाही, पण काहीतरी खुपत राहील. म्हणून यमन आणि भूप पुरुषाकडे. वहिनीकडे बागेश्री, मालकंस, भैरवी. तिघांतही शुद्ध मध्यम आहे. गाण्यांचा निम्मा वाद इथेच मिटतो, कारण निवड तबल्याने केलेली असते आणि तबल्याशी कोणी भांडत नाही.

हवामानाचंही पाहा. डिसेंबरच्या रात्री उघड्या मैदानात बासरी उतरते, पेटी जवळपास जागेवर राहते. पोराला सांगा, बासरी स्वेटरच्या आत धरून बस आणि पाळी येण्याआधी न वाजवता नुसती फुंकर घालत राहा. पोळ्याच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, तबल्याचंही आणि खंजिरीचंही. तबला बाजूचे लाकडी गट्टे ठोकून सुरात वर येतो, खंजिरी शेकोटीला लांबून शेकावी. जवळ नेलीत तर कातडं तडकेल.

आता गाणी निवडा. दीड तास धरा, सात चिजा पुरतात. सुरुवात वाद्यांवर, यमन, दहा मिनिटं, तीनतालात. लोक बसेपर्यंत तेवढा वेळ जातोच. मग पुरुषाचे अभंग, मग वहिनी, मग खंजिरीची भजनं, शेवटी भैरवी. खंजिरी मध्ये घालू नका. तिचा जोर चढला की त्यामागून संथ बागेश्री कोणी ऐकत नाही. सिनेमाची फर्माईश येईल, तिला एक जागा ठेवा, दोन नको. वहिनी आरोग्य खात्याची आशाताई आहे, तिला कधीही बोलावणं येतं, म्हणून तिच्या चिजांच्या जागी व्हायोलिनवर वाजवता येईल असं काहीतरी बसवून ठेवा.

तालीम पूर्ण मंडळाची फार होत नाही, होणारही नाही. पेटी-तबला-गाणारा एवढ्या तिघांची वेगळी घ्या, बाकीचे शेवटच्या दोन बैठकींत जोडा. खंजिरीला तालमीला बोलावलं नाही तरी चालतं, हे त्याच्यासमोर म्हणू नका.

बसायचं कसं? गाणाऱ्याच्या उजवीकडे तबला, डावीकडे पेटी, व्हायोलिन पेटीजवळ, टाळ मागे. टाळ पुढे बसला की सगळं टाळच ऐकू येतं. माईकवाल्याला आधीच निक्षून सांगा की इको बंद. त्याला तो फार आवडतो. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. शासनाने सूट दिलेले सणाचे दिवस तेवढे वेगळे. पोलीस स्टेशनला अर्ज आठवडाभर आधी द्या आणि पोच घ्या. काकड्याच्या पहाटेला मात्र माईक नकोच. देवळाच्या सभामंडपात, दगडी भिंतीत, पेटीचा भाता अर्धाच उघडून वाजवा. भैरव रागातला कोमल रिषभ, म्हणजे रे, शेवटच्या ओळीतल्या म्हातारीपर्यंत पोचतो. वर्षातला माझा आवडता कार्यक्रम तोच, आणि त्याला खर्चही नाही.

बाकी तीनला खर्च आहे. मंडप, माईक, छोटा हत्ती टेम्पोचं भाडं, सगळ्यांचं जेवण. वर्गणी कापूस विकल्यावर मागा, आधी नाही. जेवण कार्यक्रमानंतर ठेवा, वांग्याची भाजी-पोळी-वरण-भात. आधी जेवलेला गाणारा तान घेत नाही. बिदागी सगळ्यांना सारखी, पेटीवाल्यालाही तेवढीच.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कार्यक्रम लिहाल तेव्हा वेळ संध्याकाळी 7 ची द्या आणि 7:30 ला यमन सुरू करा, समोर दहाच माणसं असली तरी. बाकीचे आवाज ऐकून येतात.