झोप येत नाही की झोपायला मिळत नाही? किशोरवयीन मुलांचा निद्रानाश घरच्या घरी कसा चाचपावा

दहावी-बारावीच्या घरात झोपेची तक्रार एका वाक्यात निकालात निघते: "मोबाईल ठेव, आपोआप झोप येईल." कधीकधी ते खरंही असतं. पण अकराला आडवं होऊन तासभर कूस बदलणारं पोर वेगळं आणि क्लासचा अभ्यास संपवून एकला झोपून पाचला उठवलं जाणारं पोर वेगळं. पहिल्याला निद्रानाश असू शकतो, दुसऱ्याला झोपायला वेळच मिळत नाही. निद्रानाश चाचपणाऱ्या प्रश्नावलीत गुण मात्र दोघांनाही सारखेच पडू शकतात. म्हणून सुरुवात वहीपासून करा.

1. आठवडाभर झोपेची वही

अंथरुणावर कधी गेलो, अंदाजे कधी डोळा लागला, मध्ये किती वेळा जाग आली, कधी उठलो, दुपारी झोपलो का, संध्याकाळनंतर चहा घेतला का, एवढंच लिहायचं. मुलानेच, सकाळी उठल्यावर. रात्री घड्याळाकडे बघत बसायचं नाही. सुट्टीचा दिवस वहीत हवाच.

13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. अंथरुणावरचेच तास साडेपाच भरत असतील, तर आधी वेळापत्रकाला हात घाला. रोज एकपर्यंत झोप येत नाही, पण रविवारी दहापर्यंत गाढ झोपतो, असं दिसलं तर शरीराचं घड्याळ उशिरा चालत असण्याची शक्यता जास्त. वयात येताना ते थोडंफार होतंच.

2. दिवस नीट निवडा

गड्ड्याची जत्रा चालू असताना, बोर्डाच्या पेपरांच्या तोंडावर किंवा मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत लाईट गेलेली असताना सोलापुरात झोपतं कोण? असे दिवस टाळा. शेजारी रात्रपाळीत यंत्रमाग चालत असतील, तर तेही वहीत लिहा.

3. प्रश्नावली भरणं

सर्वाधिक वापरली जाणारी म्हणजे 'इन्सोम्निया सिव्हिअरिटी इंडेक्स', निद्रानाश किती तीव्र आहे ते मोजणारी. ती गेल्या 2 आठवड्यांबद्दल 7 गोष्टी विचारते: झोप लागायला त्रास, मध्ये जाग, पहाटे फार लवकर जाग, झोपेबद्दल समाधान, दिवसाच्या कामावर परिणाम, तो इतरांच्या लक्षात येतो का आणि झोपेची चिंता. प्रत्येकाला 0 ते 4, एकूण 28.

कागद डॉक्टरांकडून किंवा समुपदेशकांकडून घ्या. मनाने शब्द बदललेत तर बेरजेला अर्थ उरत नाही. मूल भरत असताना आईवडिलांनी डोक्यावर उभं राहू नये, बोर्डाचा पेपर नव्हे तो! आई बघतेय म्हटल्यावर 'चिंता' या प्रश्नाला हमखास शून्य पडतो. प्रश्न अडला तर समजावा, उत्तर सुचवू नका.

4. बेरीज

समजा उत्तरं 3, 1, 0, 3, 2, 1, 3 अशी आली. बेरीज 13. प्रौढांच्या मापाने 0 ते 7 ठीक, 8 ते 14 सौम्य त्रास, 15 ते 21 मध्यम, 22 ते 28 तीव्र. म्हणजे 13 'सौम्य' झाले. पण हाँगकाँगमध्ये किशोरांवर झालेल्या एका अभ्यासात 9 हाच संशयाचा उंबरठा योग्य ठरला होता. त्यामुळे या वयात 13 आले तर मी 'सौम्य' म्हणून कागद बाजूला ठेवणार नाही. निद्रानाशाचीच दुसरी, अथेन्स नावाची प्रश्नावली हाती आली, तर तिची मोजणी निराळी: 8 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू नका.

5. पुढे काय

9 ते 14 आले, तर झोपेची वेळ सावरून 2 आठवड्यांनी पुन्हा भरा. तरीही उतरले नाहीत, 15 किंवा जास्त आले, किंवा आठवड्यात 3 रात्री असा त्रास 3 महिने चालू असेल, तर डॉक्टरांना दाखवा. निदान ते करतील. प्रश्नावली फक्त संशय दाखवते. जोरात घोरणं, पाय सतत हलवावेसे वाटणं, सतत उदास असणं यांपैकी काही असेल तर गुणांची वाटच पाहू नका.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर त्याला एकटं न सोडता लगेच तिथे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी क्रमांकही दिवसरात्र चालू असतो.

आजीच्या डब्यातली झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका. निद्रानाशावर पहिला उपचार बहुधा गोळीचा नसतोच, झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याचा असतो. तपासणीला जाताना वही आणि भरलेला कागद दोन्ही न्या, कागदावर तारीख टाका आणि डॉक्टरांशी थोडा वेळ मुलाला एकट्याने बोलू द्या.