तिसरी सही बाईंची

बेळगावातल्या वडगावच्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यापासून जुनी पोरं माझ्याकडे दोन कारणांनी येतात. नोकरी लागली की कुंद्याचा डबा घेऊन, आणि लग्न ठरलंय पण सगळं घर राजी नाही अशी वेळ आली की डोकं खाजवत. दुसऱ्या प्रकारातल्या पाच जोडप्यांच्या कागदांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. दोन मित्रांतले मिळतात, तिसरा ऐनवेळी फोन उचलत नाही. मग बाई आठवतात.

दर वेळी तेच प्रश्न आणि त्याच चुका, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

पहिली गोष्ट, ज्याला आपण ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो ते कोर्टात होत नाही. ते होतं सब-रजिस्ट्रार ऑफिसात, जिथं जागेची खरेदीखतं होतात तिथंच. विशेष विवाह कायद्याखाली सब-रजिस्ट्रार हाच विवाह अधिकारी असतो. कोर्टाच्या आवारात स्टॅम्प पेपरवर ‘आम्ही स्वखुशीने लग्न केले आहे’ असं टाईप करून नोटरीचा शिक्का मारून घेतला म्हणजे लग्न झालं, असं समजणारी जोडपी मी पाहिली आहेत. एका मुलीनं तसला कागद वर्षभर कपाटात जपून ठेवला होता. तो निव्वळ कागद आहे, लग्न नाही. नोटरीला लग्न लावायचा अधिकार नसतो.

आता कायदा कुठला? दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर 1955 चा हिंदू विवाह कायदा आहे. लिंगायतांचं नाव त्यात स्पष्ट घातलेलं आहे. त्या वाटेनं जायचं तर लग्न आधी रीतीरिवाजानं लागतं आणि नंतर त्याची नोंद होते. तिथं महिनाभराची नोटीस नाही. एक जण मुसलमान किंवा ख्रिश्चन असेल, किंवा दोघांनाही भटजी नको आणि लिंगायतांचा पुरोहित जंगमही नको असं असेल, तर 1954 चा विशेष विवाह कायदा. यात कुणालाच धर्म बदलावा लागत नाही. पुढचं सगळं मी याच कायद्याबद्दल लिहितेय.

अटी मोजक्या आहेत. मुलगा 21 पूर्ण, मुलगी 18 पूर्ण. दोघांपैकी कुणाचा आधीचा नवरा किंवा बायको हयात नसावी. घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रत लागते आणि अपिलाची मुदत, म्हणजे 90 दिवस, उलटून गेलेली असावी लागते. विधवा-विधुरांना मृत्यूचा दाखला. संमती देण्याइतकं मन ठिकाणावर असावं. आणि नातं निषिद्ध नसावं. इथं आपल्याकडची पोरं हमखास अडखळतात. मामाची मुलगी करणं हा आपल्या घराघरांतला हक्काचा विषय, आणि कन्नड शेजाऱ्यांत तर सख्ख्या बहिणीची मुलगीही करतात. पण विशेष विवाह कायद्याच्या यादीत मामेबहीण, आतेबहीण, भाची, सगळ्या निषिद्ध आहेत. रूढीची सूट आहे, पण ती रूढी राज्य सरकारनं राजपत्रात जाहीर केलेली असली तरच. ‘आमच्यात चालतं की बाई’ हे तिथल्या टेबलावर चालत नाही. मामाची मुलगी करायची असेल तर घरच्या रीतीनं लग्न लावून हिंदू विवाह कायद्याखाली नोंद करा, कारण तो कायदा चालत आलेली रूढी मानतो.

शेतीवाडी असलेल्या घरच्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. दोघंही हिंदू असतील तर विशेष विवाह कायद्यानं लग्न करूनही वारसा हिंदू कायद्यानंच चालतो. 1976 च्या दुरुस्तीनं ते तसं झालं. पण जोडीदार वेगळ्या धर्माचा असेल तर हिंदू मुलगा किंवा मुलगी एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं कायदा धरतो, आणि पुढचा वारसा 1925 च्या भारतीय वारसा कायद्याकडे जातो. भावांशी उताऱ्यावरून वाद व्हायची शक्यता असेल तर लग्नाआधी वकिलाला तासभर द्या. माझ्या सहीचा त्यात काही उपयोग नाही.

आता नोटीस. सगळ्यांचा जीव इथंच अडकतो. दोघांपैकी एक जण तरी ज्या जिल्ह्यात सलग 30 दिवस राहिलाय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे ठरावीक नमुन्यात नोटीस द्यायची. अर्ज कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर भरता येतो, पण भरण्याआधी एकदा ऑफिसात जाऊन कुठले पुरावे चालतात ते विचारून या. ती नोटीस ऑफिसच्या फळ्यावर लागते आणि नोटीस बुकात जाते. ते बुक कुणालाही फुकट बघता येतं. कुणालाही म्हणजे तुमच्या काकांनाही.

आणि आपण सीमेवरची माणसं. मुलगा इथल्या अनगोळचा, मुलगी महाराष्ट्रातल्या चंदगडची, असं सर्रास असतं. शिनोळीला सोयरीक करताना आपल्याला कुठं राज्य ओलांडल्यासारखं वाटतं? कागदाला मात्र वाटतं. मुलीचा कायमचा पत्ता चंदगड तालुक्यातला असेल तर नोटिशीची एक प्रत कोल्हापूर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथंही फळ्यावर लागते. माझ्या तिसऱ्या जोडप्याला हे माहीत नव्हतं. कोल्हापूरला कामाला गेलेल्या गावातल्या कुणीतरी फळा वाचला आणि संध्याकाळच्या एसटीनं बातमी घरी पोहोचली. त्या आठवड्यात जे झालं ते लिहीत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, घरी सांगायचंच असेल तर फळ्यानं सांगायच्या आधी तुम्ही सांगा. सांगणं धोक्याचं असेल तर नोटीस देण्याआधी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात खास कक्ष असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलेलं आहे.

नोटीस लागल्यापासून 30 दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं, पण फक्त वर सांगितलेल्या अटींवर: वय, आधीचं लग्न, नातं, मनाची अवस्था. जात वेगळी, भाषा वेगळी, आम्हाला विचारलं नाही, या हरकती होत नाहीत. हरकत आलीच तर अधिकाऱ्यानं 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात अपील आहे.

घरच्यांची संमती लागते का, हा प्रश्न मला दर वेळी कुजबुजत विचारतात. नाही लागत. याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. मुरगोड पोलीस ठाण्यात 2020 मध्ये एका प्राध्यापक मुलीच्या वडिलांनी ती बेपत्ता असल्याची तक्रार दिली. तिनं लग्न केलं होतं, दाखलाही व्हॉट्सअॅपवर घरी पाठवला होता. तरी तपास अधिकारी म्हणत राहिले, मुरगोडला येऊन जबाब दे, मग केस बंद करतो. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी 2021 मध्ये तो एफआयआर रद्द झाला, आणि दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं की घराण्याची वा समाजाची संमती लागत नाही, असं निकालात लिहिलं गेलं. त्या निकालाची प्रिंट मी पिशवीत ठेवते.

मुदतीचा हिशेब नीट करा. नोटीस फळ्यावर लागल्यापासून 30 दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. तीन महिने उलटले की नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. एका आईला लेकाचं रजिस्टर लग्न अक्षय तृतीयेलाच हवं होतं. मुहूर्त चांगला, पण त्याच दिवशी बसव जयंती असते आणि कर्नाटकात सरकारी सुट्टी. ऑफिसला कुलूप. शेवटी दुसऱ्या दिवशी गेलो आणि आईला सांगितलं, अक्षय तृतीयेचा फराळ अजून शिळा झालेला नाही.

कागदांबद्दल मीच थोडी दोषी आहे. आमच्या पिढीच्या मास्तरांनी जन्मतारीख माहीत नसली की सरळ 1 जून टाकली. आज तुमच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर 1 जून आणि जन्मदाखल्यावर ऑक्टोबर असेल तर त्याचं पाप आमचं. अर्ज करण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. नावांचंही तेच. मराठीतला ‘ज्योतिबा’ कन्नडमधून इंग्रजीत जाता जाता ‘जोतिबा’ होतो, आणि वडिलांचं नाव कधी मध्ये, कधी आडनावाच्या जागी जाऊन बसतं. आधार, मार्क्स कार्ड आणि अर्ज यांत एकच स्पेलिंग हवं. दुरुस्ती करायची तर नोटिशीआधी करा. खोटं लिहून द्यायचा मोह मात्र नको, तो गुन्हा आहे.

लग्नाच्या दिवशी दोघं आणि तिन्ही साक्षीदार हजर हवेत. साक्षीदार नात्यातला असावा अशी अट नाही, सज्ञान असला म्हणजे झालं. आधी जाहीरनाम्यावर सगळ्यांच्या सह्या होतात. मग एक वाक्य म्हणायचं असतं. हार, मंगळसूत्र, पेढे तुमच्या हौसेचे, पण ते वाक्य दोघांनी एकमेकांना म्हटल्याशिवाय लग्न पुरं होत नाही: ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो.’ आणि कायदा म्हणतो, हे वाक्य दोघांना समजणाऱ्या कुठल्याही भाषेत म्हणा. ज्या गावात दुकानाच्या पाटीच्या भाषेवरून दगड पडतात, तिथं हे कलम मला फार आवडतं. माझ्या चौथ्या जोडप्यात मुलगी वडगावची मराठा, मुलगा बैलहोंगलचा लिंगायत. त्यानं मराठीत म्हटलं, ‘पत्नी’च्या जागी ‘पत्नि’ असं तोडून. तिनं कन्नडमध्ये म्हटलं, ‘नानु निम्मन्नु नन्न कानूनुबद्ध पतियागि स्वीकरिसुत्तेने.’ आठवडाभर पाठ करत होती. समोरचे साहेब एकदा वर बघून हसले आणि पुढं लिहू लागले.

दाखल्यावर सही करण्याआधी नावं अक्षर अक्षर वाचा. घाईत नवराच बायकोच्या वडिलांचं नाव चुकीचं वाचतो, हे मी पाहिलंय. प्रमाणित प्रती दोन-तीन एकदमच मागून घ्या. पासपोर्टला एक जाते आणि चंदगडकडच्या रेशन कार्डात नाव घालताना दुसरी.

मला बोलवायचं असेल तर मंगळवार सोडून बोलवा, त्या दिवशी गुडघ्याची फिजिओथेरपी असते. आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो माझ्याकडे पाकिटात तयार आहेत. रिक्षा तुमची.